सारख्याच गोळीची तीन काडतुसे आणि कोलोरॅडोतला पहिला परवाना

२०२५ मध्ये मी कोलोरॅडो राज्यात शिकारीचे प्रशिक्षण घेतले, परवाना काढला, रायफल विकत घेतली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी प्रॉन्गहॉर्न या हरणासारख्या प्राण्याची एक मादी मिळवली. या सगळ्यात कागदपत्रांना वेळ लागला, पण कागदपत्रे कुणाला तरी विचारून पुढे सरकतात. मला खरोखर अडवून धरले ते काडतुसाच्या प्रश्नाने. दुकानातल्या फळ्यांवर पन्नासएक नावे असतात, त्यांतली बरीच एकमेकांसारखी दिसतात, आणि प्रत्येकाचा कैवारी वेगळा असतो. येथे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी या वाटेने जाणार असेल, तर त्याला निदान क्रम तरी कळावा म्हणून हे लिहीत आहे.

आमच्या घरात बंदूक म्हणजे सिंधुदुर्गातल्या मामांची ठासणीची बंदूक, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेली आणि वर्षातून दोनदा रानडुकरांना भिववण्यापुरती बाहेर निघणारी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आज छंद म्हणून शिकार उरलेलीच नाही, त्यामुळे आईला फोनवर सांगितले तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ‘अगं, पण हे चोरून तर नाही ना?’ मांस खायचे तर त्या जनावराचा मृत्यूही आपणच पाहावा, असे मला काही वर्षांपासून वाटत होते, आणि येथे तो मार्ग सरकारी नियमांतून जातो, हे तिला पटवायला बराच काळ लागला. तिला पूर्ण पटले आहे, असे आजही म्हणता येणार नाही.

पहिली पायरी प्रशिक्षणाची. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत शिकारीचा परवाना घेण्याआधी हे प्रशिक्षण पूर्ण केल्याचे कार्ड लागते. मी जानेवारीत ऑनलाइन भाग संपवला, त्याला तीसएक डॉलर लागले, आणि फेब्रुवारीत एका शनिवारी प्रत्यक्ष वर्गाला गेले. वर्गात माझ्या पुढच्या बाकावर अकरा वर्षांची मुलगी होती आणि तिला सुरक्षिततेचे नियम माझ्यापेक्षा चांगले येत होते. त्या दिवशीची एक गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. प्रशिक्षकांनी प्रत्येकाला रायफलच्या नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव मोठ्याने वाचायला लावले, मग काडतुसाच्या पुंगळीच्या, म्हणजे दारू भरलेल्या आणि टोकाला गोळी बसवलेल्या धातूच्या नळकांड्याच्या, बुडावरचे नाव वाचायला लावले, आणि दोन्ही अक्षरशः एकच असल्याखेरीज काडतूस हातात धरू दिले नाही. गोळीचा व्यास एक असला तरी पुंगळी वेगळी असू शकते, आणि चुकीची पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, शिरली तर रायफल फुटू शकते, एवढे त्यांनी शांतपणे सांगितले.

येथले परवाना-वर्ष १ मार्चला सुरू होते. मोठ्या जनावरांच्या सोडतीत अर्ज करण्याआधी एक पात्रता परवाना घ्यावा लागतो. मी रहिवाशांचा वार्षिक छोट्या शिकारीचा परवाना घेतला, शिवाय वन्यजीवांच्या अधिवास-निधीचा बारा डॉलरच्या आसपासचा शिक्का. रहिवासी दर मिळण्यासाठी राज्यात सलग सहा महिने वास्तव्य असावे लागते, आणि रहिवासी व परका यांच्या शुल्कात इतके अंतर आहे की नव्याने आलेल्यांनी एक वर्ष थांबलेले बरे. अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री आठला संपते. त्या वर्षी तो १ एप्रिल होता. अर्जात लिहायचा संकेतांक पाहून प्रथम घाबरायला होते, पण त्याची रचना सोपी आहे: पहिले अक्षर प्राण्याचे, दुसरे नर-मादीचे, मग तीन आकडी विभाग क्रमांक, मग हंगाम, आणि शेवटी हत्याराची पद्धत. प्रॉन्गहॉर्नसाठी ‘ए’, मादीसाठी ‘एफ’ आणि रायफलसाठी ‘आर’. पूर्वेकडच्या मैदानी विभागांत मादीचा परवाना नवख्यालाही पहिल्याच वर्षी मिळण्याची शक्यता बरी असते, कारण नराच्या परवान्यासाठी लोक सोडतीत हुकलेल्या प्रत्येक वर्षाचा गुण वर्षानुवर्षे साठवत असतात. मला या परवान्यासाठी पन्नास डॉलरही लागले नाहीत. निकाल मे महिन्याच्या अखेरीस आला.

एप्रिल आणि मे हे दोन महिने मी काडतुसांत घालवले. सुरुवातीला माझा कल .२२३ रेमिंग्टनकडे (नावातला आकडा साधारण गोळीचा इंचांतला व्यास, पुढचा शब्द बहुधा कंपनीचा) होता, कारण धक्का कमी, काडतुसे स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध. त्याच्या जोडीला .२२-२५० रेमिंग्टनचे नाव ऐकले होते, जे त्याच व्यासाची गोळी बऱ्याच अधिक वेगाने फेकते. नियमपुस्तिका उघडली आणि दोन्ही एकदम बाद झाली. कोलोरॅडोत मोठ्या जनावरांसाठी रायफलचा व्यास किमान .२४ इंच लागतो, गोळी लागल्यावर पसरणारी असावी लागते, हरिण, प्रॉन्गहॉर्न व अस्वल यांच्यासाठी तिचे वजन किमान ७० ग्रेन (सुमारे साडेचार ग्रॅम) आणि एल्क व मूस या मोठ्या हरणांसाठी ८५ ग्रेन लागते, आणि शंभर यार्डांवर तिची ऊर्जा किमान १००० फूट-पाउंड असावी लागते. कोयोटीसाठी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्यासाठी, .२२-२५० उत्तम असेल, पण कुणी तीच रायफल घेऊन प्रॉन्गहॉर्नला गेला तर तो गुन्हा ठरतो. म्हणून माझी पहिली सूचना ही की कुणाचाही सल्ला ऐकण्याआधी आपल्या राज्याची त्या वर्षीची पुस्तिका वाचावी. शेजारच्या राज्याचा नियम वेगळा असतो, आणि सल्ला देणारा बहुधा शेजारच्या राज्यातला असतो.

वरच्या बाजूची सीमा मी स्वतः घातली. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर, ओळखीच्या एकाने त्यांची .३०८ विंचेस्टर झाडून पाहू दिली. तिचा धक्का सहन होण्यासारखा होता, पण तिसऱ्या गोळीला माझे डोळे चाप ओढण्याआधीच मिटू लागले. नवख्याच्या नेमाचा खरा शत्रू हाच. तेवढ्याच वजनाच्या रायफलमधून .२४३ चा धक्का साधारण निम्म्यावर येतो. प्रॉन्गहॉर्न मादी काही मोठे जनावर नाही, वजनाने साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो, आणि तिच्यासाठी सहा मिलिमीटरची गोळी पुरेशी आहे याबद्दल कुणाचेच दुमत आढळले नाही.

अशा रीतीने तीन नावे उरली: .२४३ विंचेस्टर, ६ मिमी रेमिंग्टन आणि ६ मिमी क्रीडमूर. तिघांचीही गोळी नेमकी ०.२४३ इंच व्यासाची, म्हणजे ६.१७ मिलिमीटर. गोळी सुटी करून समोर ठेवली तर ती कुठल्या काडतुसातली हे सांगता येणार नाही. फरक पुंगळीचा: .२४३ ची पुंगळी .३०८ विंचेस्टरची मान आवळून केलेली, सुमारे ५२ मिलिमीटर लांब. रेमिंग्टनची जुन्या ७ बाय ५७ माउझरच्या वंशातली, ५७ मिलिमीटरच्या थोडी आत. आणि क्रीडमूरची ६.५ क्रीडमूरवरून आलेली, ४९ मिलिमीटरच्या आतबाहेर, आखूड पण खांद्याला अधिक उभट.

यांतल्या पहिल्या दोघांचा इतिहास मला आमच्या शेजारच्या आजोबांमुळे कळला. त्यांच्याकडे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरची एक रायफल आहे आणि तिच्या नळीवर ‘.२४४ रेमिंग्टन’ असे कोरलेले आहे. १९५५ साली विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ बाजारात आणले. रेमिंग्टनच्या पुंगळीत दारू थोडी जास्त मावते, त्यामुळे कागदावर तेच सरस होते. परंतु रेमिंग्टनने हे काडतूस मुख्यतः लहान उपद्रवी प्राण्यांसाठी धरले आणि नळीतला पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या सर्पिल खाचा) बारा इंचांत एक फेरा असा ठेवला, तर विंचेस्टरने दहा इंचांत एक फेरा दिला. गोळी जितकी लांब, तितकी ती स्थिर राहण्यासाठी जोरात फिरावी लागते. मंद पडलेला भोवरा जसा डुलू लागतो तशी कमी फिरणारी लांब गोळी हवेत डुलते. बाराच्या पिळात नव्वद ग्रेनपर्यंतच्या गोळ्या ठीक जात, पण शंभर ग्रेनच्या गोळ्यांची खात्री नसे, आणि गिऱ्हाइकाला कोयोटी व हरिण दोन्हींसाठी एकच रायफल हवी होती. .२४३ खपले, .२४४ मागे पडले. १९६३ मध्ये रेमिंग्टनने नऊ इंचांचा पीळ देऊन तेच काडतूस ‘६ मिमी रेमिंग्टन’ या नावाने पुन्हा आणले, पण तोवर बाजार दुसऱ्याच्या हातात गेला होता. पुंगळी तीच असल्याने आजची ६ मिमी रेमिंग्टन काडतुसे आजोबांच्या रायफलमध्ये चालतात. फक्त जड गोळीची पेटी घेतली तर कागदावर गोल छिद्रांऐवजी लांबट छिद्रे दिसण्याची शक्यता असते.

आजोबांनी ती रायफल शिकारीपुरती वापरायला देऊ केली. कोलोरॅडोत खासगी व्यक्तींमधील कायमच्या हस्तांतरासाठीही परवानाधारक दुकानामार्फत पार्श्वभूमी-तपासणी करावी लागते, तात्पुरत्या उसनवारीला काही अपवाद आहेत. ते वाचून घ्यावेत. आम्ही आधी तिचा पीळ मोजला आणि ही पद्धत जुनी रायफल घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी. रायफल रिकामी असल्याची दोघांनी खात्री करायची, मुठीत मोकळी फिरणारी साफसफाईची सळई घेऊन तिच्या टोकाला घट्ट बसणारा कापडाचा तुकडा लावायचा, तो नळीत थोडा आत गेल्यावर सळईवर नळीच्या तोंडाशी एक खूण आणि वरच्या अंगाला दुसरी खूण करायची, आणि वरची खूण एक पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर येईपर्यंत सळई किती इंच आत गेली ते मोजायचे. आमचे उत्तर बाराच्या जवळ आले. हलक्या गोळीने ती रायफल नियमात बसली असती, पण तिची काडतुसे शोधताना मी थकले. पाच दुकानांपैकी एकात एक पेटी होती, वीस काडतुसांना पंचावन्न डॉलर, आणि दुसरी कधी येईल हे त्यांनाही ठाऊक नव्हते. सराव करता येणार नाही असे काडतूस नवख्याने घेऊ नये.

क्रीडमूरचा मोह अधिक मोठा होता. त्याच्या रायफलींना साडेसात किंवा आठ इंचांचा पीळ असतो, म्हणून लांब, निमुळत्या, हवा कापत जाणाऱ्या गोळ्या त्यातून स्थिर जातात. मी दोन्हींचे तक्ते समोर ठेवले. दोनशे यार्डांवर नेम बांधला, म्हणजे तेथे गोळी नेमकी लागेल अशी दुर्बीण जुळवली, तर तीनशे यार्डांवर .२४३ ची शंभर ग्रेनची साधी गोळी आणि क्रीडमूरची १०३ ग्रेनची निमुळती गोळी यांच्या घसरणीत जेमतेम एक इंचाचा फरक पडत होता. ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात मात्र क्रीडमूर दोन-तीन इंच कमी सरकत होते, आणि पूर्व कोलोरॅडोच्या माळावर वारा हा अपवाद नसतो. पाचशे यार्डांवर मारणाऱ्याने क्रीडमूरच घ्यावे, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. पण माझ्या हातून आडवे पडून किती अंतरावर थाळीएवढ्या वर्तुळात गोळी बसते, हे रेंजवर पाहिल्यावर मी स्वतःला दोनशे यार्डांची मर्यादा घातली होती, आणि त्या मर्यादेच्या आत तो फरक माझ्या हाताच्या थरथरीत बुडून जात होता. शिवाय .२४३ च्या पेट्या मला सगळीकडे दिसल्या, शिकारीच्या भागातल्या छोट्या गावांतल्या हार्डवेअरच्या दुकानांतही, तीस ते पंचेचाळीस डॉलरांत, चार-पाच प्रकारच्या गोळ्यांत. क्रीडमूरच्या पेट्या मोठ्या दुकानांतच आणि थोड्या महाग. वेगाच्या तक्त्यांवर लोक तावातावाने बोलतात; फळीवर काय आहे यावर फारसे कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

जुलैमध्ये दहा इंचांच्या पिळाची .२४३ ची साधी बोल्ट रायफल (प्रत्येक गोळीनंतर हाताने खीळ ओढून पुढचे काडतूस चढवावे लागते अशी) घेतली, साडेपाचशे डॉलरच्या आसपास. १ एप्रिल २०२५ पासून कोलोरॅडोत बंदुका आणि काडतुसांवर साडेसहा टक्के वेगळा कर लागू झाला आहे, तो दुकानदार बहुधा किमतीत धरतो. म्हणजे रायफलीवरच छत्तीस डॉलर, त्यावर नेहमीचा विक्रीकर निराळा. दुकानात ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय अर्ज स्वतः भरावा लागतो. मी ग्रीन कार्डावर आहे, म्हणून कार्ड, त्यावरचा ए-क्रमांक आणि सध्याचा पत्ता असलेले वाहन-परवान्याचे ओळखपत्र लागले. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. कुठल्याही राज्याचा वैध शिकार-परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. तो अपवाद लागू होतो की नाही हे मित्राला नव्हे, वकिलाला विचारावे, कारण येथे चूक झाली तर प्रश्न दंडाचा नसून व्हिसाचा होतो. अर्जात गांजाविषयीही प्रश्न आहे. कोलोरॅडोत गांजा कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्यात नाही, हे अर्जावरच छापलेले आहे, आणि खोटे उत्तर हा गंभीर गुन्हा आहे. राज्याच्या तपास विभागाकडून मंजुरी त्याच दुपारी आली, तरी ऑक्टोबर २०२३ पासून लागू असलेल्या नियमानुसार तीन दिवस थांबून मगच रायफल हातात मिळाली. काउंटरवर उभे राहून आपले नाव आणि वर्ण लिहिताना उगीचच अपराधी वाटत होते. दुकानातल्या बाईंना ते दिसले असावे, कारण त्यांनी प्रत्येक रकान्याला ‘हे सगळ्यांनाच विचारतात’ असे न चुकता सांगितले.

ऑगस्ट आणि सप्टेंबर रेंजवर गेले. एकाच काडतुसातही गोळ्यांची निवड उरतेच. मी तीन पेट्या घेतल्या: शंभर ग्रेनची शिशाची मऊ टोकाची, ९५ ग्रेनची प्लास्टिक टोकाची आणि ८० ग्रेनची संपूर्ण तांब्याची. तांबे शिशाहून हलके असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, म्हणून दहाच्या पिळात तांब्याची ८० किंवा ८५ ग्रेनचीच घ्यावी, असे रेंजवरच्या एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले होते. माझ्या रायफलीत ९५ ग्रेनच्या गोळ्या एकमेकींच्या सर्वांत जवळ बसल्या, शंभर यार्डांवर सव्वा इंचाच्या आसपास. शंभर ग्रेनची दोन इंचांत. दुसऱ्या रायफलीत हे उलटेही होऊ शकते, अगदी त्याच कंपनीच्या पुढच्या रायफलीतही. प्रकार ठरल्यावर एकाच लॉट क्रमांकाच्या, म्हणजे कारखान्याच्या एकाच खेपेच्या, चार पेट्या एकदम घेतल्या. नेम बाकावर बांधला, पण नंतरचा बहुतेक सराव पाठपिशवीवर रायफल टेकवून, जमिनीवर पडून आणि बसून केला, कारण माळावर बाक नसतो. रिकाम्या रायफलीने घरी रोज दहा मिनिटे चाप ओढण्याचा सराव केल्याने डोळे मिटण्याची सवय गेली.

४ ऑक्टोबरला पहाटे आम्ही पॉनी राष्ट्रीय गवताळ प्रदेशात पोहोचलो; शेजारचे आजोबा सोबत आले होते, हत्यार न घेता. नकाशावर हा प्रदेश सलग वाटतो, प्रत्यक्षात सरकारी आणि खासगी तुकड्यांची गोधडी आहे, आणि कोलोरॅडोत पाटी नसली तरी खासगी जमिनीवर परवानगीविना शिरता येत नाही, म्हणून जमिनीच्या हद्दी दाखवणारे ॲप फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावे. कमरेच्या वर किमान पाचशे चौरस इंच झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. गुडघ्यांना जाड पट्टे बांधा. गवतात निवडुंग असतो आणि प्रॉन्गहॉर्नच्या नजरेपासून लपायचे तर रांगण्यावाचून गत्यंतर नाही. या प्राण्याचा वेग हा म्हणे इथून नाहीशा झालेल्या अमेरिकी चित्त्यांचा वारसा. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते काळविटांवर सोडत, हे मी आजोबांना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला.

दोन कळप वाऱ्याची दिशा बदलल्याने निघून गेले. तिसऱ्यात नर वेगळा ओळखता आला, गालावर काळा डाग आणि कानांहून लांब शिंगे. परवाना मादीचा असल्याने ही ओळख पटेपर्यंत चापाला बोट लावायचे नाही. मादी मोकळी उभी राहिली तेव्हा अंतर एकशे चाळीस यार्ड होते आणि वारा जवळपास समोरून. गोळी खांद्यामागून आरपार गेली, मादी थोडी धावली आणि पडली. जवळ गेल्यावर मला रडू आले. आजोबा काही बोलले नाहीत, त्यांनी परवान्याची पट्टी आणि पेन पुढे केले, कारण ती लगेच भरून वेगळी करावी लागते. त्यानंतर घाई महत्त्वाची. दिवस उबदार होता आणि प्रॉन्गहॉर्नचे मांस उष्णतेत फार लवकर बिघडते, म्हणून आतडी काढून, कातडे उतरवून, लिंगाचा पुरावा नियमानुसार मांसाला जोडलेला ठेवून आम्ही चारही पाय, पाठीचे पट्टे आणि आतले मऊ मांस बर्फाच्या खोक्यांत भरले. खाण्याजोगे मांस टाकून येणे येथे गुन्हा आहे. निघण्याआधी गाडीत भरपूर बर्फ ठेवा. जवळचे दुकान जवळ नसते.

मांस कापून बांधून देणाऱ्याने एकशे तीस डॉलर घेतले. रायफल, दुर्बीण, परवाने, प्रशिक्षण, काडतुसे आणि पेट्रोल मिळून पहिल्या वर्षाचा खर्च चौदाशे डॉलरच्या घरात गेला. मांस भरले ते पंधरा किलोच्या आसपास. पुढच्या वर्षी यातला मोठा भाग पुन्हा लागणार नाही. २०२६ च्या अर्जाची मुदत ७ एप्रिलची, अर्ज पुन्हा मादीसाठीच, त्याच विभागात, आणि त्याच लॉटच्या अडीच पेट्या कपाटात कुलूपबंद आहेत.